डावी भुवई

दुपारी पार्लरमध्ये चिटपाखरू नसतं. मी निवांत पाय पसरून बसले होते, तेवढ्यात माझा धाकटा भाऊ दार ढकलून आत आला आणि खुर्चीत बसत म्हणाला, "ताई, डाव्या भुवईत एक चीर पाडून दे."

डाव्या भुवईतली चीर म्हणजे पुलाखालच्या टोळीची खूण. आमच्या गल्लीतली निम्मी पोरं ती मिरवत हिंडतात. घरात आम्ही ज्याला अजून पिटुकला म्हणतो, तो ताडमाड वाढलेला घोडा आता त्यांच्यात जाणार होता. तरी मी एवढंच म्हणाले, "मान मागे टाक."

आरडाओरडा केला असता तर तो तडक शेजारच्या न्हाव्याकडे गेला असता. शिवाय माझ्या धंद्याची एक गंमत आहे. दोऱ्याने भुवया करताना गिऱ्हाइकाला डोळे मिटून दोन्ही हातांनी आपलीच कातडी ताणून धरावी लागते. ती सोडली की काम थांबलं. अशा अवस्थेत माणसं मनातलं भडाभडा बोलतात. आणि माझ्या दातांत दोऱ्याचं टोक असतं, त्यामुळे माझ्यासारख्या तोंडाळ बाईलाही निमूट ऐकावं लागतं.

"पण कशाला रे?" एवढं विचारून मी दोरा दातांत धरला.

"शाळेतून येताना मला ती पोरं मारायची ना, ते या पुलाखालच्यांनी बंद केलं," तो डोळे मिटून म्हणाला. "आणि एक दिवस गेलो नाही तर विचारतात, कुठे होतास? आपल्याकडे कोण विचारतं? आई हॉस्पिटलात ड्युटीवर, तू इथे. घरी आलो की नुसतं कुलूप."

दोरा करकरत होता. जरा वेळाने तो हळूच म्हणाला, "आज मोबाईलचं दुकान फोडणार आहेत. मी फक्त कोपऱ्यावर उभं राहायचं. कोणी आलं की शिट्टी मारायची."

एरवी मी त्याला सोलूनच काढला असता. त्या दिवशी रागाऐवजी रडू आलं, कारण कुलपाचं खरं होतं. चीर केव्हाच पाडून झाली होती. माझे हात मात्र थांबले नाहीत.

त्याने आरसा पाहिला आणि किंचाळला. "ताई! अख्खी भुवई?"

"हात सटकला," मी धडधडीत खोटं बोलले.

"आता मी त्यांना काय तोंड दाखवू?"

"फोटो पाठव. त्यांनाच विचार."

त्याने पाठवला. लगेच फोन आला. पलीकडे हसून हसून लोळण चालली होती, ती मला इथवर ऐकू येत होती. मग कुणीतरी दरडावलं, "आज फिरकू नकोस इकडे. असलं थोबाड एकदा बघितलं की कोणी जन्मात विसरणार नाही. आम्हाला पकडून देशील."

फोन ठेवून पिटुकल्याने एवढा मोठा श्वास सोडला की मलाही हुश्श झालं. दोघांनीही आरशाकडे पाहिलं आणि एकदम खो खो हसत सुटलो.

"भुवई यायला किती दिवस लागतील?" त्याने डोळे पुसत विचारलं.

"दोन-तीन महिने तरी."

"तोवर संध्याकाळी इथे येऊन बसू?"

"बस की. टॉवेलांच्या घड्या घाल. आणि उशीर झाला तर विचारीन हं, कुठे होतास म्हणून."

तो टॉवेल घ्यायला आत गेला. मी खाली पडलेले केस झाडायला घेतले आणि झाडू हातातच राहिला. भुवईवर दोरा कुठवर पोचला, हे ज्याची भुवई त्याला पक्कं कळतं. नको असेल तर कातडी सोडायची, की संपलं. पिटुकल्याने शेवटचा केस निघेपर्यंत ती घट्ट ताणून धरली होती.