आठवी जागा

रुग्णालयातले सगळे संगणक जिच्या भरवशावर चालत, तिला सगळे सिस्टीमताई म्हणत. तिच्या डोक्याला ताप एकच होता: स्कॅन बघायचं सॉफ्टवेअर. त्याचं लायसन्स असं, की एका वेळी आठच जणांनी ते उघडायचं. नववा आला की दार बंद. डॉक्टर मंडळी स्कॅन बघत आणि तसंच उघडं टाकून निघून जात. मग अडलेला माणूस ताईला फोन करी. ताई पडद्यावर आत कोण कोण आहे ते बघे आणि बराच वेळ ज्याची हालचाल नाही त्याला बाहेर काढी.

"रुमाल टाकून जागा अडवायची खोड, दुसरं काय!" असं ती घरी नवऱ्याला सांगे.

त्या सकाळी शिडीवरून पडलेला एक रंगारी आला. डोक्याला मार. स्कॅन झाला आणि अपघात विभागातल्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला.

"ताई, स्कॅन उघडतच नाहीये! पेशंट वांत्या करतोय, त्याला सोडून स्कॅनच्या खोलीकडे कशी पळू? आत रक्त साकळलं असेल तर लगेच ऑपरेशनला न्यायला हवं."

ताईने पडदा बघितला. सात जणांचं काम चालू होतं. आठवी जागा मोठ्या सरांची, म्हणजे मुख्य सर्जनची. केव्हापासून हालचाल नाही. तिचं बोट बटणापाशी गेलं आणि तिथेच थबकलं. आत्ता सर ऑपरेशन करत होते. तिथे भिंतीवरच्या पडद्यावर स्कॅन लावलेला असतो. हात कोणी लावत नाही, पण सर त्याच्याकडे बघूनच सुरी चालवतात. तो ऐनवेळी गायब झाला तर?

इकडे आड, तिकडे विहीर. तिने ऑपरेशनच्या खोलीत फोन लावला. सिस्टरनी उचलला.

"सरांना विचारा, स्कॅन अजून लागतोय का?"

"आत्ता? मला खातील ते!"

"माझं नाव सांगा, मला खाऊ देत. पण विचारा."

पलीकडे काहीतरी पुटपुटणं. मग सरांचा खणखणीत आवाज, "टाके घालतोय आम्ही! त्याचं काम केव्हाच झालं. काढ म्हणावं, काढ!"

ताईने बटण दाबलं. सरांचं नाव गेलं, डॉक्टरीणबाईंचं आलं. पण खुर्चीत बसवेना. जिने उतरून ती खाली धावली. दाराशी रंगाऱ्याची बायको उभी होती, नवऱ्याची रंगाने बरबटलेली टोपी छातीशी धरून.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "हाडाला बारीक चीर आहे. आत रक्तस्राव नाही. आज इथेच ठेवू, लक्ष ठेवू. घाबरू नका."

बायको मटकन खालीच बसली. ताईही तिच्या शेजारी टेकली.

"तुम्ही यांच्या कोण?" बायकोने विचारलं.

"कोणी नाही. मी इथली संगणकवाली."

"मग तुम्ही का रडताय हो?"

दोघी डोळे पुसत हसू लागल्या.

दुपारी मोठे सर तिच्या खोलीत आले, तेव्हा बोलणी खायची तयारी करूनच ती उठली.

"अपघात विभागासाठी एक जागा कायमची राखता येईल?" त्यांनी विचारलं.

"येईल की. पण मग बाकीच्यांना सातांत भागवावं लागेल."

"भागवू. आणि मी उघडं टाकून गेलो, तर आधी मला हाकल. फक्त ऑपरेशन चालू असेल तर आजच्यासारखं विचार."

सर जिना उतरेपर्यंत तिने ती जागा राखूनही टाकली. मग हात धुतले, डबा उघडला आणि कितीतरी दिवसांनी सावकाश जेवली.