लपवलेली खूण

माझ्या नवऱ्याचा ट्रक उतारावर बंद पडला आणि खापर फुटलं नवऱ्याच्याच डोक्यावर. फोडणारा माझा सख्खा भाऊ.

"जावईबापू, गाडी चालवायची असते, रेटायची नसते," दादा हसत म्हणाला. "आणि डिझेल जरा बऱ्या पंपावर भरत जा."

भरलेला ट्रक, उतारावरचं वळण आणि इंजिन एकाएकी बंद. स्टीअरिंग इतकं जड झालं की नवऱ्याने सगळा जीव लावून ते ओढलं आणि गाडी डोंगराच्या बाजूला घासत कशीबशी थांबवली. इंजिन निवल्यावर काही झालंच नाही अशा थाटात ट्रक पुन्हा सुरू झाला. सपाट रस्त्यावर असं आधीही झालं होतं, उतारावर पहिल्यांदाच. घरी आल्यावर तो बूटही न काढता बसून राहिला. म्हणाला, "मला आता त्या गाडीत चढायची भीती वाटते. बहुतेक माझंच काहीतरी चुकतंय. सोडतो हा धंदा." बेडर माणूस तो. त्याला असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

गॅरेज दादाचं आणि माझं. इंजिन त्याच्याकडे, वायरिंग माझ्याकडे. स्क्रू ड्रायव्हर कसा धरायचा इथपासून सगळं मला त्यानेच शिकवलं. आमचा एक नियम होता, तोही त्याचाच: एकाने बसवलेलं दुसऱ्याने उघडायचं नाही. संशय आला तर विचारायचं, हत्यार लावायचं नाही. गिऱ्हाइकासमोर भावंडांनी एकमेकांचं काम उसवलं तर गॅरेज दोन दिवस चालणार नाही, असं तो म्हणायचा, आणि मला ते पटायचं.

या ट्रकचा ईसीएम, म्हणजे इंजिनाला कधी किती डिझेल द्यायचं ते ठरवणारा डबा, मागे एकदा पाणी शिरून निकामी झाला होता. मी तेव्हा आईजवळ इस्पितळात होते, म्हणून नवा ईसीएम दादानेच बसवला. त्यामुळे ट्रक बंद पडायला लागल्यापासून मी रिले बदलला, अर्थिंगच्या तारा घासून लखलखीत केल्या, फ्यूज पाहिले आणि प्रत्येक वेळी ईसीएमच्या प्लगपाशी येऊन थांबले. नवाच तर आहे, दादाने बसवलाय, तिथे काय बघायचं?

पण उताराचं ऐकल्यावर नियम गेला खड्ड्यात. दादा एका गाडीची चाचणी घ्यायला गेला होता. मी ट्रक सुरू केला, अशा डब्यांशी बोलणारा स्कॅनर लावला आणि केस वाळवायचं यंत्र आणून गरम हवा नुसत्या त्या डब्यावर सोडली. थोडा वेळ इंजिन शहाण्यासारखं चाललं. मग आचके दिले आणि बंद. स्कॅनरवर ईसीएमचा पत्ताच नाही. मीटर लावून पाहिलं: डब्यापर्यंत बॅटरीचा करंट व्यवस्थित, अर्थिंगही पक्कं. पण सेन्सरना तो डबा जे पाच व्होल्ट देतो, ते शून्य. म्हणजे खायला-प्यायला सगळं मिळतंय आणि तरी हा कामाला उठत नाही. पंखा लावून थंड केला, गाडी लगेच सुरू झाली. पुन्हा तापवला, पुन्हा बंद. आता शंकाच उरली नाही.

नवा डबा इतक्यात कसा जाईल, असा विचार करत मी बॅटरी काढली, बोल्ट सैल केले आणि डबा हातात घेतला. झाकणाचे स्क्रू जरा जास्तच स्वच्छ होते, कोणीतरी पात्याने खरवडल्यासारखे.

मी जो डबा उघडते त्याच्या स्क्रूवर लाल नेलपॉलिशचा ठिपका देते. मध्ये कोणी हात घातला तर कळावं म्हणून. दादा चिडवायचा, "झाला का मेकअप?" पण शिकवलं त्यानेच होतं: एक खूण दाखवायची, एक लपवायची. बाहेरच्या माणसाचा भरवसा नसतो.

मी डब्याखालचं रबरी बुश, धक्के खाणारी ती गादी, काढलं. तिथे लाल ठिपका होता. माझाच.

हा डबा मीच कंडम ठरवला होता. दादाच्या मोठ्या गिऱ्हाइकाच्या, ज्याच्या गाड्यांची रांग आमच्या दारात लागते त्या शेठच्या ट्रकमधून काढलेला. आतले सोल्डरिंगचे टाके तडकलेत, गरम झाला की मरतो, भंगारात टाक, असं दादाला सांगूनच मी इस्पितळात गेले होते.

मी फरशीवर बसले.

दादा आला तेव्हा डबा टेबलावर होता, ठिपका वर करून. त्याने एकदा पाहिलं आणि हातातला फडका उगाच घडी घालत राहिला.

"शेठ घाई करत होते," तो म्हणाला. "नवा एकच आला होता, तो त्यांना दिला. थंड असताना हा चालत होता गं, मी तपासला. म्हटलं, पुढचा आला की बदलू."

"मग पुढचा आला नाही?"

"आला. तो पण दुसऱ्या गाडीला लागला." मग हळूच म्हणाला, "घरचीच गाडी होती. म्हटलं, घरचं माणूस थांबेल."

"घरचं माणूस उताराखाली गेलं असतं, दादा! आणि तू त्यालाच गाडी चालवायला शिकवत होतास!"

नवरा दारात येऊन उभा होता, त्याने सगळं ऐकलं होतं. तो आपल्या तळहातांकडे पाहत होता.

"वरची खूण पुसलीस," मी विचारलं. "खालची का ठेवलीस? माहीत होती ना तुला?"

"तू उघडणार नाहीस, माहीत होतं," दादा म्हणाला.

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. माझा विश्वास त्याने हत्यारासारखा वापरला होता.

रॅकवर सकाळीच आलेला नवा ईसीएम होता. मी खोकं फोडलं.

"अगं, तो शेठचा—"

"मग फोन कर आणि उशीर होईल म्हण. ते बाहेरचे आहेत, त्यांना तुला खरं सांगता येतं."

नंबर जुळवून पाहिला, प्लग लावला, ट्रकची माहिती आणि इंजेक्टरचे कोड भरले. मग गरम हवा सोडली. इंजिन चालत राहिलं, एका लयीत. मी हात दुखेपर्यंत यंत्र धरून उभी राहिले, मग नवऱ्याने ते माझ्या हातातून घेतलं. त्यानेही ते बराच वेळ धरलं. इंजिन थांबलं नाही.

"तुझं काही चुकलं नव्हतं," मी म्हणाले. त्याने मान हलवली, पण डोळे भरून आले होते.

उरलं होतं ते डबा जागेवर बसवायचं. इंजिन बंद करून मी नेलपॉलिशची बाटली काढली आणि झाकणाच्या स्क्रूवर दिसणारा ठिपका दिला. लपवायचा अजून द्यायचा होता. दादा सवयीने टॉर्च धरून जवळ आला, इतकी वर्षं धरतो तसाच.

"दादा," मी म्हणाले, "तू जरा बाहेर थांब."

त्याला कळायला क्षणभर लागला. मग त्याने टॉर्च टेबलावर ठेवला आणि तो बाहेर गेला.