नामा कोळ्याची चारतारी

आमच्या घरात ऑस्वल्डमामाचं नाव निघालं की आधी सगळे हसतात. हा मामा माझ्या पणजोबांचा, म्हणजे डॉमनिकचा. ठाण्यात चर्चच्या मागे त्याची भाजीपाल्याची वाडी होती, आणि नको तिथे शब्द देऊन बसायची खोड होती. कुणाचं काही अडलं की हा छातीवर हात ठेवून म्हणायचा, "मी हाय ना!" आणि मग दोन दिवस डोकं धरून बसायचा. पण डॉमनिकच्या लग्नात त्याने जो शब्द दिला तो अडचणीत पडलेल्या परक्या माणसाला नव्हता. तो सख्ख्या बहिणीला होता, आणि म्हणून ही गोष्ट नुसती हसण्यावारी न्यायची नाही.

अठराशे ऐंशी उलटून गेलं होतं. आमच्या ख्रिस्ती वस्त्यांमधल्या लग्नात तेव्हा घुमट, म्हणजे मडक्याच्या तोंडाला कातडं ताणून केलेलं ढोलकं, असायचं, फिडल असायचं आणि चारतारी असायची. चारतारी म्हणजे फिरंग्यांनी मागे ठेवलेल्या गितारीचं शेंडेफळ. कुशीत मावेल एवढं लाकडी वाद्य, चार तारा. हिचीच एक चुलत बहीण त्या सुमारास जहाजात बसून हवाई बेटांवर गेली आणि तिकडे युकुलेली म्हणून नावारूपाला आली. आमची इथेच राहिली. आज युकुलेली म्हटलं की लोकांना एकच वाजवणारा आठवतो, आणखी कोण म्हणून विचारलं की गप्प. तेव्हा आमच्याकडे चारतारी म्हटलं की ह्युबर्ट, आणि ह्युबर्टपुढे कोणी नाही.

ह्युबर्टला मी नावं ठेवणार नाही. तो खरंच अप्रतिम वाजवायचा. त्याची बोटं कुठे जातात ते दिसायचं नाही, आणि तो सुरू झाला की रडणारी पोरंसुद्धा तोंड उघडं टाकून बघत राहायची. दोष असेल तर आमच्या लोकांचा. एक माणूस आवडला की बाकीच्यांना मोडीत काढायचं, ही आमची जुनी सवय. ह्युबर्ट मिळेना म्हणून लोक लग्नाची तारीख बदलायचे. नवरी बदलायची तेवढी राहिली होती.

डॉमनिकची आई रोझा विधवा होती. तिचा थोरला मुलगा पास्कू लग्नानंतर वर्षाच्या आतच पटकीने गेला, त्याची बायको माहेरी वसईला परतली, आणि घरात माय आणि धाकटा लेक एवढेच उरले. पास्कूच्या लग्नात ह्युबर्ट वाजवायला होता. अख्खं ठाणं त्या लग्नाचं नाव काढायचं. म्हणून डॉमनिकचं ठरल्याबरोबर रोझा भावाला म्हणाली, "ऑस्वल्ड, माझे थोरल्याचे लग्नान ह्युबर्ट व्हता. धाकट्याला कमी नको. दुसरं काय मागत नाय मी."

"बाय, मी हाय ना!" मामा म्हणाला.

ह्युबर्टने हो म्हटलं होतं, हेही खरं. पण लग्नाला आठवडा राहिला आणि त्याचा निरोप आला: मुंबईत कुठल्याशा मोठ्या बंगल्यावर बोलावणं आलंय, माफी असावी. मामाला बहिणीला सांगायचं धाडस होईना. तिला एवढंच म्हणाला की कल्याणला जरा काम आहे, आणि गाडीत बसला. कल्याणच्या बाजूला चारतारी वाजवणारे एक-दोघं आहेत असं त्याने कधीतरी उडत उडत ऐकलं होतं. ठाण्यातल्या माणसाने कल्याणचं वाजवणं ऐकायला जावं म्हणजे केवढी वेळ आली, असंच त्याला वाटत होतं.

कल्याणात त्याला चंदू भेटला. बैलगाड्यांची चाकं नीट करणारा, गळ्यात तुळशीची माळ. रेल्वेतल्या एका ख्रिस्ती दोस्ताकडून हा चारतारी शिकला होता आणि तिच्यावर फक्त भजनं वाजवायचा, तीही इतकी संथ की मामा मनात म्हणाला, अशाने नवरा बोहल्यावर चढायच्या आधी म्हातारा व्हायचा. पण तो उठला नाही. चंदू एक सूर छेडायचा आणि तो विरेपर्यंत थांबायचा, आणि तेवढ्या वेळात मामाला आपला स्वतःचा श्वास ऐकू यायला लागला. वाजवून झाल्यावर चंदू म्हणाला, "लग्नाला नको रे दादा. चार माणसं जास्त दिसली की माझी बोटं आखडतात."

चंदूनेच खडवलीचा पत्ता दिला. तिथे रेल्वेत काम करणाऱ्या एका माणसाची बायको, जुलिया, चुलीजवळ बसून पोरांना निजवण्यासाठी वाजवायची. मामा बैलगाडीने हाडं खिळखिळी करून घेत तिथे पोचला. ती एका हाताने भाकरी उलटायची, मांडीवर तान्हं, आणि मधेच वाजवायची. इतकं हळू, की ऐकायला वाकावं लागे. मामा वाकून बसला तो पोरांच्या आधी स्वतःच पेंगला. पण अंगावरचं मूल सोडून ती ठाण्याला कशी येणार? त्याने विचारलंसुद्धा नाही. निघताना मात्र तो तिला म्हणाला, "बाय, तुज्यासारखं कोन वाजवतंय हे मना म्हाईतच नव्हतं." हे बोलताना त्याला स्वतःची लाज वाटली, असं तो पुढे सांगायचा. इतकी वर्षं तो ह्युबर्टचं कौतुक करत होता, पण चारतारी त्याने ऐकलीच नव्हती.

कल्याणला परत येईपर्यंत ठाण्याची गाडी निघून गेली होती. आता काय करायचं म्हणून तो बंदरावर गेला. रेती घेऊन ठाण्याकडे निघालेल्या एका होडीत त्याला जागा मिळाली. होडीचा तांडेल नामा, कल्याणच्या कोळीवाड्यातला. दांडगा, काळा, समोरचे दोन दात पडलेले. आणि त्याच्या पायाशी गोणपाटात गुंडाळलेली चारतारी!

वारा पडला, वल्ही पाण्यात गेली, तशी नामाने ती मांडीवर घेतली. दोन ओळी वाजवल्या आणि हात थांबवला. वल्हेकरी एका दमात पुढची ओळ ओरडले आणि वल्ही ओढली. पुन्हा नामाच्या दोन ओळी, पुन्हा थांबला.

मामाला वाटलं, याला पुढचं येत नाही. स्वभावाला औषध नाही म्हणतात, तसा तो बोललाच, "अरे नामा, मदीच का थांबतंस? पुढचा इसरलास काय?"

वल्हेकरी हसले. नामाही हसला. "दादा, सगला मीच वाजवला तर वल्ही कोन मारनार?"

मामाला हे पुरतं समजलं नव्हतं. पण ठाण्याच्या खाडीत शिरेपर्यंत तो स्वतः, आयुष्यात वल्हं न धरलेला माणूस, त्यांच्याबरोबर ओरडत होता. उतरताना त्याने नामाला लग्नाला बोलावलं. नामा म्हणाला, "मी होडीवरचा मानूस. मना येतं ते ह्याच पद्धतीचं."

"तेच घेऊन ये," मामा म्हणाला, आणि मग लांबचा फेरा घेत बहिणीच्या घरी गेला.

रोझाने सगळं ऐकून घेतलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "तू मना शब्द दिलेलास," आणि भांडी घासायला बसली. थोड्या वेळाने तशीच पाठमोरी म्हणाली, "पास्कूला ह्युबर्ट आनि डॉमनिकला होडीवाला. हा पोर काय मी वाटेवरून उचलून आनलाय?" आयुष्यात पहिल्यांदाच मामाला "मी हाय ना" म्हणता आलं नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपार कलली की आमच्यात उंबराचं पाणी आणतात. नवऱ्याच्या अंघोळीचं पाणी विहिरीवरून वाजतगाजत घरी आणायचं. बायका कळश्या घेऊन पुढे, वाजवणारे मागे. मग नवऱ्याला पाटावर बसवून त्याच्या आईने पहिला तांब्या ओतायचा, आणि ओतता ओतता लेकासाठी गायचं. हे गाणं आईचंच. ते दुसऱ्या कोणी म्हणायचं नसतं, आणि लेकाच्या जन्मात ते एकदाच म्हणायचं असतं.

कडक घड्यांची लुगडी नेसून बायका विहिरीवर जमल्या. नामा लग्नासाठी धुतलेलं धोतर नेसून आला होता. त्याला बघून कुजबुज झाली. "ह्युबर्ट कुठं?" "मुंबईला." "मग ह्यो कोन?" मामा कळशीएवढं तोंड करून उभा होता. रोझा कोणाकडेच बघत नव्हती.

नामाने पाणी आणायच्या ओळखीच्या गाण्याच्या दोन ओळी वाजवल्या आणि थांबला.

बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. ह्युबर्टच्या मिरवणुकीत कोणी तोंड उघडायचं नाही अशी सवयच झाली होती. तो वाजवायचा आणि गाव ऐकायचं. नामाने पुन्हा त्याच दोन ओळी वाजवल्या आणि पुन्हा थांबला. मामाचा जीव टांगणीला लागला. तिसऱ्यांदा तो थांबला तेव्हा मागून एक म्हातारी वैतागून पुढची ओळ म्हणाली. बहुधा याला शिकवावं म्हणूनच म्हणाली असेल. नामाने मान डोलावून तिला पुढच्या दोन ओळी दिल्या. आता तिच्याबरोबर आणखी चौघी होत्या. विहिरीपासून चर्चच्या कोपऱ्यापर्यंत येता येता सगळी वाट गात होती. बेसूर, पुढेमागे, कोणी जुने शब्द, कोणी नवे, आणि शब्दांवरून भांडणंही. कळश्यांतलं पाणी हिंदकळून अर्ध्या बायका भिजल्या. मामा तर घुमट वाजवणाऱ्याच्या कानाशीच ओरडत होता. ऐकण्यासारखं त्यात काही नव्हतं असं कोणी म्हटलं तर मी मान्य करीन.

अंगणात डॉमनिक पाटावर बसला. रोझाने तांब्या भरला. नामा ओट्याच्या कडेला बसून वाजवायला लागला, त्याच चालीच्या दोन ओळी, आणि थांबला.

सगळ्या बायका गप्प झाल्या, कारण ही ओळ त्यांची नव्हती. तारांचा आवाज विरून गेला. रोझा तांब्या धरून उभी. मग ती गायला लागली. पाणी डॉमनिकच्या डोक्यावरून ओघळायला लागलं. नामा तिच्या मागे मागे होता. ती अडली की दोन सूर देत होता, ती चालू लागली की हात आवरत होता. गाणं संपलं तेव्हा तांब्या कधीच रिकामा झाला होता आणि डॉमनिक पोरासारखा रडत होता.

मामा बहिणीजवळ गेला. तिच्या चेहऱ्याकडे बघून घाबरला. "बाय, चुकलं माजं," तो म्हणाला. "मी ह्युबर्टला आनायला पायजे व्हता."

रोझाने पदराने तोंड पुसलं. "पास्कूचे लग्नान ह्युबर्ट व्हता," ती म्हणाली. "असा वाजवला त्याने ऑस्वल्ड, असा वाजवला, की मी तांब्या हातान घेऊन ऐकतच रेले. पानी कोनी ओतलं ते पन मना म्हाईत नाय. सगली बोलली, काय लग्न झाला! मी पन बोलले. मग पास्कू गेला, आनि त्याचे मातीला जाताना मना आठवलं. माझे पोराला मी गायलेच नाय."

पास्कूच्या अंघोळीच्या त्या दिवशी मामाही याच अंगणात होता. पाटापासून चार हातांवर. ह्युबर्टने काय वाजवलं हे तो कितीतरी वर्षं ऐकणाऱ्याला आणि न ऐकणाऱ्याला सांगत आला होता. बहीण गायली नाही हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. त्याच्याच काय, कोणाच्याच नाही.

नामा चारतारी गोणपाटात गुंडाळायला लागला होता. रोझाने त्याला हाक मारली, "नामादादा, जाऊ नको. आनखी एकदा वाजव." मग तिने कळशीतून तांब्या पुन्हा भरून घेतला आणि डॉमनिकला पाटावरून उठवलं. पाट तिथेच राहू दिला.

बायकांना काय चाललंय ते कळायला थोडा वेळ लागला. मग एकेक करून त्या मागे सरकल्या. नामाने कोणाला काही विचारलं नाही. त्याने दोन ओळी वाजवल्या, हात तारांवरून उचलला आणि वाट बघत बसला. रोझा रिकाम्या पाटावर पाणी ओतत पास्कूसाठी गायली.