दोन घंटा, एकच सूर

आमच्या ह्यांचे कान गेलेत, हे मला तीन वर्षांपासून ठाऊक होतं. पण बोलून दाखवायला जीभ रेटेना. घंटा घडवणाऱ्याचे कान गेले म्हणजे मग राहिलं काय, तुम्हीच सांगा!

वरच्या डोंगरातले मेंढपाळ वेगळ्या भाषेचे. त्यांचं आमचं बोलणं निम्मं हातवाऱ्यांनीच व्हायचं. पण घंटा मात्र आमच्या ह्यांच्याच हातची लागायची. प्रत्येक कळपाचा सूर वेगळा. धुकं उतरलं की मेंढपाळाला स्वतःचे पायसुद्धा दिसत नाहीत. तो आपल्या म्होरक्या मेंढ्याच्या घंटेमागे चालतो. म्हणून हे घंटा वाजवून ऐकायचे, काठाला कानस मारायचे, पुन्हा ऐकायचे.

या खेपेला दोन कळपांच्या घंटा खुंटीवर शेजारी शेजारी होत्या. मी धूळ झटकताना दोन्ही वाजल्या. एकच सूर! वळून पाहिलं, तर स्वारी खुशीत शीळ घालतेय, तीही बेसूर. म्हटलं, जाऊ दे, डोंगर काय लहान आहे? कशाला गाठ पडतेय दोन कळपांची! मेली माझी अक्कल.

गाठ पडली. दरीच्या दोन अंगांना. धुक्यात त्या दोघांतला एक, उंच, हसरा मेंढपाळ पलीकडची घंटा आपलीच समजून सरळ चालत गेला.

बारा दिवसांनी त्याची बायको आली. घंटा ओट्यावर ठेवून मोडक्यातोडक्या शब्दांत म्हणाली, "ताई, घंटा चांगली. तोच चुकला. आता भाऊ नेईल मेंढ्या. घासून दे."

मेलेल्या नवऱ्याला दोष देत होती बिचारी! मला ते सोसवेना. हे भट्टीपाशी पाठमोरे बसले होते.

"तो नाही गं चुकला," मी म्हटलं. "ह्यांना ऐकू येत नाही. दोन घंटा सारख्या झाल्या."

तिला कळेना. मी कानाला हात लावून ह्यांच्याकडे बोट केलं, मग घंटेकडे. तेव्हा कळलं.

"तुला ठाऊक होतं?" तिने विचारलं.

मी होय म्हणून मान हलवली. ती घंटा तिथेच टाकून निघून गेली.

पंधरा दिवसांत वरच्या सगळ्या घंटा आल्या. माणसं यायची, ओट्यावर ठेवायची आणि चालू लागायची. त्या परत न्यायला कुणी येणार नव्हतं.

ओटा भरलेला पाहून ह्यांचा चेहरा केवढा उजळला!

"अगं, बघत काय बसलीस? इतकं काम आलंय, भट्टी पेटव!"

मी उठले आणि पेटवली.