दोन ठोक्यांच्या मध्ये

लक्कव्वाने पहिला ठोका दिला आणि हातोडी तशीच वर धरून ती समोरच्या कड्याकडे बघत राहिली. कडुलिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा अजून घुमत होता. खाणीतल्या बायकांनी पाट्या खाली टाकल्या आणि त्या खडीच्या ढिगामागे निघाल्या. सुरुंगवाला केदारी वातीपाशी उकिडवा बसला होता.

“अक्का, बाईसाहेब उठल्या काय?”

“उठलीया. दम धर की जरा.”

कड्यातल्या कपारीतून तरसाची मादी बाहेर आली. पुढून उंच, मागून बसकी, अंगावर मळकट पट्टे; देवाने दिवेलागणीला घाईत उरकलेलं जनावर. पण तोंडात धरलेलं पिल्लू ती इतकं अलगद नेत होती, की बघणाऱ्या बायका बोलायच्या थांबल्या. एक पिल्लू तिने वरच्या निवडुंगात ठेवलं, परत आली, दुसरं नेलं. तेव्हा कुठे लक्कव्वाने दुसरा ठोका दिला. तिसऱ्याला केदारीने वात पेटवली.

रायापूरमागच्या या टेकडीवर दोन महिने हे असंच चाललं होतं. पहिला ठोका म्हणजे काम सोडून आडोशाला निघा, दुसरा म्हणजे आता जागचं हलू नका, तिसरा म्हणजे वात. नव्या माणसांना एवढं शिकवायला आठवडा लागायचा. तरसाला कुणी शिकवलं नव्हतं. त्या कुरूप जनावराने दणके ऐकून आपलं आपणच ओळखलं होतं, आणि लक्कव्वाला त्याचं फार कौतुक होतं.

तीन वर्षांपूर्वी कुणाला न सांगता एक सुरुंग उडवला गेला आणि तिचा नवरा सत्याप्पा दगडांखाली गेला. त्यानंतर मालकांनी हा रूळ टांगला आणि हातोडी तिच्या हाती दिली. झाडाखाली पाटी लागली: ठोक्याशिवाय वात पेटवू नये, ठोक्याशिवाय कामाची जागा सोडू नये. दुसऱ्या नियमात जिवापेक्षा कामचुकारांची काळजी जास्त होती, पण पाटी ती पाटी.

त्या संध्याकाळी मालक जयतीर्थ जीपमधून उतरले.

“बायपासला खडी कमी पडालीया. उद्या ती कपार उडवायची. सगळे खाली जेवायला बसले की. ठोके द्यायचे नाहीत.”

“आन् ती, मालक? दोन पिल्लं हायत तिची.”

“म्हणूनच. जंगलखात्याला कळलं तर खाण बंद होईल. तुम्ही तीस माणसं मग काय खाणार? हाकललं तर परत येतंय. आतच राहू दे.”

त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. सगळ्यांचंच हातावर पोट. जयतीर्थांनी लक्कव्वाच्या हातातली हातोडी घेतली आणि जीपमध्ये ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कपारीभोवतीची भोकं भरून झाली. माणसं खाली जेवायला गेली. केदारीने मोजली तर एक कमी. लक्कव्वा कपारीच्या बरोबर खाली, नेहमीच्या दगडावर भाकरीचं फडकं सोडून बसली होती.

“अगं अक्का, ऊठ की! डोक्यावर सगळं भरलंय.”

“ठोका पडला न्हाई. ठोक्याबिगर जागा सोडायची न्हाई. पाटीवर लिवलंय.”

जयतीर्थ धावत आले. “लक्कव्वा, वेड लागलंय काय? साकू, पुरे आता. ऊठ.”

तिने भाकरीचा तुकडा मोडला, चटणीला लावला.

“माझा दादला बी हितंच बसला हुता, मालक. त्याला कुणी ऊठ म्हटलं न्हाई.”

केदारीने खिशातली काड्यापेटी काढली आणि मालकांच्या पायांशी दगडावर ठेवून दिली.

मालक जीपकडे गेले, हातोडी आणली आणि कडुलिंबाखाली येऊन स्वतः ठोका दिला. सवय नव्हती, तो तिरका बसला. तरी लक्कव्वाने भाकरी बांधली आणि उठून त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली.

कपारीतून ती बाहेर आली. तोंडात पिल्लू. जयतीर्थांनी तिचं नुसतं नाव ऐकलं होतं, पाहिली आज पहिल्यांदा. ती निवडुंगात गेली तसा त्यांनी दुसऱ्या ठोक्यासाठी हात उचलला.

“दम धरा, मालक,” लक्कव्वा म्हणाली. “अजून एक ऱ्हायलंय.”

ती परत आली. कपारीच्या तोंडाशी थांबली, खाली उभ्या माणसांकडे एकदा पाहिलं, आत गेली. जयतीर्थांचा हात भरून आला. त्यांनी हातोडी दुसऱ्या हातात घेतली, पण दुसरं पिल्लू निवडुंगात पोचेपर्यंत रुळाला लावली नाही.

त्या दणक्यात कपार गेली आणि तरस पुन्हा दिसलं नाही. हातोडी मात्र लक्कव्वाकडे परत आली.

परवा नवा मुकादम जयतीर्थांच्या जीपपाशी उभा होता. लक्कव्वाने पहिला ठोका दिला आणि रिकाम्या कड्याकडे बघत राहिली.

“मालक, ही बाई दर खेपेला एवढा वेळ का घालवते?” त्याने विचारलं.

“असू दे,” जयतीर्थ म्हणाले. “दोन फेऱ्या असतात.”