मुंजाजीनं मिशी काढली

पात्यावर फेस होता आणि फेसात केस – पांढरे, जाड, आखूड, काही बिडीनं पिवळे पडलेले... बादलीत पातं खळबळलं तरी ते सुटेनात, चिकटूनच राहिले, आणि मुंजाजीला वाटलं हेच पातं आडवं धरून कुणाच्या तरी नरड्यावरून ओढावं. कुणाच्या म्हणजे त्या बीडच्या दुकानातल्या पोराच्या, ज्यानं मोबाइलमधून मान वर न काढता सांगितलं होतं, काका, तुमचा मुलगा असेल तर पाठवा, आम्हाला तरुण माणूस पाहिजे. मुलगा असेल तर! पोटाला एक पोरगी, ती दिली लांब परतूरकडं. मुलगा असता तर तुझ्या दारात कशाला मरायला आलो असतो रे, भाड्या – पण हे तो तिथं बोलला नव्हता. तिथं तो बरं म्हणाला होता आणि वर रामराम घालून पायऱ्या उतरला होता.

न्हाणीच्या भिंतीवरच्या आरशात एक अनोळखी तोंड होतं. ओठावरची कातडी, दगड उचलल्यावर खालचं गवत दिसतं तशी, पांढुरकी आणि ओलसर. मिसरूड फुटल्यापासून त्यानं तिथं वस्तरा लावलाच नव्हता, त्यामुळं आपला वरचा ओठ कसा आहे हे त्याला त्रेपन्न वर्षांचा होईस्तोवर माहीत नव्हतं. पातळ होता. आईचा होता. आईचा ओठ मात्र मधोमध चिरलेला, आणि तो कुणी चिरला हे साऱ्या आळीला ठाऊक – बापाचा उलटा हात, जेवता जेवता, कालवणात मीठ जास्त झालं म्हणून... ती पदरानं रक्त टिपत पुन्हा वाढायला बसलेली, आणि बाप मिशीवरचं कालवण पुसतोय. बापाची मिशी, तीच माझी मिशी. लोक म्हणायचे, आश्रुबाचा ठसाच हाय पोरगं. आज ठसा बादलीत गेला. त्याला बरं वाटलं, खोटं कशाला बोला, लई बरं वाटलं.

मिशी काढायचं डोकं खाजामियाँचं. कापसाच्या जिनिंगमधला फिटर, मुंजाजीचा जन्माचा सोबती. बीडला नवा मोठा दवाखाना होतोय, गेटवर माणसं घ्यायचीत, ही बातमीही त्यानंच आणली होती. पंचेचाळीसच्या आतली पाहिजेत म्हणे. मुंजाजीनं आधी कलप लावून पाहिला, तर डोकं भाजून निघालं, कपाळाला फोड आले, आणि चार दिवसांत मुळाशी पुन्हा पांढरं ते पांढरंच. मग खाजामियाँ म्हणाला, "अरे, बालां बारीक कर, मूछां निकाल डाल. दस साल कम दिखता तू." त्याची स्वतःची दाढी मेंदीनं लाल आणि ओठ कायम साफ, त्यांच्यात मिशी काढण्यात काही नाही. काल संध्याकाळी मुंजाजीनं डोक्यावर मशीन फिरवून घेतलं, आज सकाळी मिशी. दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

ध्यानात आलं ते मंजुळाबाईच्या. ती पोळ्या लाटायला मेसवर निघालेली, पदर खोचत न्हाणीपाशी आली आणि थबकली. आधी तिनं नवऱ्याकडं पाहिलं, मग वळून पडवीतल्या बाजेकडं – बाजेवर तिचा सासरा तोंड उघडं टाकून घोरत होता, छाती खालीवर होत होती. ती ते बघतच राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "अवं, जितं माणूस हाय घरात."

मिशी बाप गेल्यावर उतरवायची, हे शेंबड्या पोरालाही कळतं. खाजामियाँचं एक सोडा, पण तुझी अक्कल कुठं चरायला गेलती, मुंजा? काढलेला केस काय आता चिकटवता येतो? वडवणीहून दहाच्या आत बीडला पोचायचं होतं. त्यानं तोंडाला रुमाल बांधला आणि बाजेच्या कडेनं, पाय न वाजवता, बाहेर पडू लागला, आणि तेवढ्या चार पावलांत त्याच्या मनात जे आलं ते त्यानं कधी कुणाला सांगितलं नसतं – हा मेला असता तर आज किती सोपं झालं असतं.

घरात दोन म्हातारे आहेत असं आळीत बोललं जात होतं, तोंडावर नाही, पण कानावर यायचंच. जिनिंग विकली गेली तेव्हा नव्या मालकानं सगळ्यांना आवारात उभं केलं आणि तरणी तरणी माणसं बोटानं एकीकडं काढली. मुंजाजी उरलेल्यांत. हुक लावून कापसाची गाठ एकट्यानं ट्रकपाशी ओढणारा मुंजाजी! तेव्हापासून मंजुळाबाई कमावते आणि दोन ताटं झाकून जाते, एक सासऱ्याचं, एक नवऱ्याचं. सासऱ्याला दात नाहीत, त्याची भाकर ती वरणात कुस्करून ठेवते. आणि गेल्या आठवड्यात एके दुपारी मुंजाजीनं आपलं ताट उघडलं तर त्याचीही भाकर कुस्करलेली... घाईत झालं असेल, तिनं मुद्दाम केलं नव्हतं, त्याला कळत होतं. तरी त्यानं ताट भिंतीवर हाणलं. वरण ओघळत राहिलं आणि बाजेवरून बाप विचारत राहिला, काय पडलं रं, काय पडलं? म्हणून आज ही नोकरी पाहिजे होती. पगाराचं नंतर बघू; मला माझी भाकर माझ्या हातानं मोडून खायची आहे.

एसटीत शेजारी नेमके अर्जुनराव येऊन टेकले, बापाच्या गावचे, जुन्या ओळखीचे. रुमालात जीव गुदमरला म्हणून मुंजाजीनं तो क्षणभर खाली ओढला, आणि तेवढं पुरलं. अर्जुनरावांनी बारीक केलेलं डोकं पाहिलं, ओठ पाहिला, आणि त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. कवा गेले, काही त्रास झाला का, कळवलं कावून न्हाई – एकामागून एक. मुंजाजी खिडकीबाहेर बघत राहिला. एक शब्द पुरे होता, न्हाई, जिते हायत. पण मग मिशी का काढली ते सांगावं लागलं असतं, या वयात गडी तरणा दिसायला निघालाय हे... अर्जुनराव उसासे टाकत होते, देवमाणूस होता आश्रुबा, म्हणत होते. देवमाणूस! आईचं डोकं जात्यावर आपटलेलं मी पाहिलंय, अर्जुनराव. तिच्या केसांची बट त्याच्या मुठीत राहिली ती पाहिलीय. आणि तुमचा हा गुडघ्यावरचा हात, त्याची बोटं एकेक करून उलटी मोडली तर कसा आवाज येईल... वाळली तूर मोडताना येतो तसा. त्याला दरदरून घाम सुटला. घाम बघून अर्जुनराव म्हणाले, रड बाबा, मोकळा हो.

दवाखान्याच्या मागं, अर्धवट रंग दिलेल्या भिंतीपाशी पोरांची रांग होती. घट्ट पँटी, फुगवलेले दंड. मुंजाजी रांगेत शिरला तसं मागच्या एकानं त्याला खांद्याला धरून, अगदी मायेनं, पुढच्या दाराकडं वळवलं. "काका, पेशंटचा नंबर तिकडं लागतो." मायेनं म्हणाला, हेच वाईट. मुंजाजीनं ते मनगट पकडलं. गाठी ओढलेला पंजा. त्यानं फक्त आवळला, आवळतच गेला, पोराचं हसू आधी ओशाळलं, मग गेलं, आणि आतली हाडं एकमेकांवर सरकल्याचं त्याला हाताला कळलं. पोरगं गुडघ्यात वाकलं, आई गं म्हणालं. तेव्हा सोडलं. रांगेतले सगळे थोडे लांब सरकले. मिशी गेली, पण हात तर बापाचाच राहिला की... त्याला स्वतःची किळस आली, आणि किळस येऊनही तो हात पुन्हा कुणावर तरी टाकावासा वाटत होता. तेवढ्यात त्याला आत बोलावलं.

टेबलामागं सुपरवायझर, तिशीतला, एजन्सीचा टी-शर्ट घातलेला. त्यानं आधारकार्ड बघितलं. त्रेपन्न, म्हणाला, काका, कंपनीचा नियम आहे, पंचेचाळीसच्या वर नाही; इथं पेशंटचे नातेवाईक अंगावर येतात, मारामाऱ्या होतात, तुम्हाला कुणी ढकललं, काही झालं, तर आमच्या गळ्यात... मुंजाजी ऐकत नव्हता. टेबलावर काचेचा जड पेपरवेट होता, आणि या माणसाच्या कपाळाचं हाड नेमकं कुठं पातळ असेल ते तो बघत होता. एक घाव. मग बोल नियम. सुपरवायझर बोलता बोलता थांबला, त्याच्या ओठाकडं बघायला लागला. रुमाल केव्हाच गळ्यात उतरला होता.

"वडील गेले का?"

आणि मुंजाजी म्हणाला, "हो."

एवढंच. शब्द तोंडातून गेला तेव्हा त्याला सगळं लख्ख दिसलं – बाजेवरची ती मान, तिच्यावरच्या लोंबत्या शिरा, त्यांवर आपले दोन्ही अंगठे, म्हाताऱ्याच्या टाचा सुंभावर घासताहेत, घासताहेत, मग घासत नाहीत... किती वेळ लागला? काहीच नाही. कधी गेले असं विचारल्यावर तो परवा म्हणाला, आणि त्याचा आवाज खरोखर फुटला, त्याचं त्यालाच नवल वाटलं. सुपरवायझर खुर्चीवरून उठला. गेल्या साली त्याचेही वडील गेले होते, तो तेव्हा पुण्याला ड्यूटीवर, तोंड बघायला मिळालं नव्हतं. हे सांगता सांगता त्यानं मुंजाजीला आपल्या खुर्चीवर बसवलं, चहा मागवला. म्हणाला, "दहावा उरकून या, दादा. वयाचं मी बघतो. रात्रपाळी देतो." आत्ता काका होता, बाप मेल्याबरोबर दादा झाला. चहात साखर जास्त होती आणि त्यानं तो घोट घोट करून सगळा पिला.

बाहेर उन्हात तो स्टँडकडं निघाला तेव्हा पाय हलके पडत होते, चक्क घाई करत होते. लागली नोकरी. लागली! मग एका पानटपरीपाशी तो एकदम उभाच राहिला, कारण दहावा कुणाचा हे आत्ता त्याच्या डोक्यात शिरलं. दहाव्यानंतर गेटवर उभं राहायचं आणि वडवणीचा कुणीतरी पेशंट येणार, ओळखीचा, विचारणार, मुंजाजी, आश्रुबाबा बरे हायत ना? बीड काही लांब नाही. म्हातारा जिता आहे तोवर नोकरी कच्ची. हा हिशेब मी मांडला नव्हता... पण आता मांडलेला होता, आणि तो पुसला जाईना. एसटी वडवणीत शिरेपर्यंत तो तोच एक विचार दाताखाली धरून बसला होता, खडा लागलेल्या घासासारखा, ना गिळता येतो ना थुंकता.

दिवेलागणीला घरी आला तर मंजुळाबाई उंबऱ्यात बसलेली. तिनं मान वर केली नाही. अर्जुनरावांनी गावाकडं फोन केलता, एवढं म्हणाली. दुपारी तिकडच्या नात्यातल्या दोघीजणी रडत रडत दारात आल्या, आणि आश्रुबा बाजेवर उठून बसला, कोण गेलं गं, म्हणून त्यांनाच विचारायला लागला. त्या तशाच माघारी पळाल्या. मग आळीतल्या कुणीतरी म्हाताऱ्याला सगळं समजावून सांगितलं, मिशीसकट. मुंजाजीनं ऐकून घेतलं आणि आत गेला.

"मुंजा," बाजेवरून हाक आली. "मी गेलो म्हणं आज."

त्यानं शिव्यांची वाट पाहिली. एखादी आईवरून आली असती, हात उठला असता, तर काय करायचं ते त्याला माहीत होतं, आयुष्यभर माहीत होतं. पण म्हातारा शिव्या देत नव्हता. पाय पोटाशी घेऊन भिंतीला टेकून बसला होता, आणि मोतीबिंदूचे डोळे त्याच्याकडं लावून होता. मग त्याला खोकल्याची उबळ आली, थांबेना. मुंजाजीनं माठातून ग्लास भरला, बाजेवर बसला आणि तो बापाच्या तोंडाशी नेला. म्हाताऱ्याचा हात वर आला, ग्लासाकडं नाही, मुंजाजीच्या ओठाकडं. बोटांनी ती उघडी कातडी चाचपली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. हात खाली गेला आणि म्हाताऱ्यानं बिनदाताचं तोंड घट्ट मिटून घेतलं.

"मंजुळाला दे म्हणावं पाणी," तो मिटल्या तोंडानंच म्हणाला.

मरणाऱ्याच्या तोंडात पाणी घालायचं ते मुलानं, हे दोघांनाही ठाऊक होतं. ज्या तोंडाला भिऊन हे घर जगलं ते तोंड आज त्याला भीत होतं... आबा, नुसतं पाणी हाय, एवढं म्हणायला काही लागत नव्हतं. शब्द जिभेवर होते. पण हे नुसतं पाणी आहे का, त्याचं त्यालाच ठरवता येईना. हात मागं घ्यावा असं वाटत होतं आणि तो मागं येत नव्हता, ग्लास त्या मिटलेल्या ओठांना टेकवून तसाच राहिला होता, भक्कम, एक थेंब न सांडता – आणि त्या हाताकडं बघता बघता, किती दिवसांनी कुणास ठाऊक, आपण म्हातारे नाही असं मुंजाजीला वाटलं.