मुक्या संताचा झरोका

गाइडने आयुष्यात थापा पुष्कळ मारल्या, पण अंगाशी आली ती एकच, आणि तीही सव्वीस वर्षांनी.

त्याचं असं झालं होतं. शहरापासून दोन तासांवर एका जुन्या नगराचे अवशेष आहेत. पडकी स्नानगृहं, घुमट खचलेलं एक प्रार्थनागृह आणि अगदी शेवटी दगडी भिंतींची एक रिकामी खोली. ती धान्याची होती की गाढवांची, यावर विद्वानांचं अजून एकमत नाही. एकदा चाळीस पर्यटकांना घेऊन तिथे पोचल्यावर गाइडला जोराची लागली. जवळपास कुठे सोय नव्हती. तेव्हा त्याने सगळ्यांना खोलीत बसवलं आणि खोटं बोल पण रेटून बोल या न्यायाने ठोकून दिलं, की इथे पूर्वी एक मुका संत राहायचा. मनात एक प्रश्न धरा, डोळे मिटा, चिडीचूप बसा. त्यानंतर माणसाचा जो पहिला आवाज कानावर पडेल, ते संताचं उत्तर. एवढं सांगून तो भिंतीमागे पळाला, मोकळा झाला आणि परत येऊन म्हणाला, "चला, निघू या." तेवढ्यावर एका बाईने नवऱ्याला सोडलं म्हणतात.

बाकीच्या गाइडांनी गोष्ट उचलली. मग पाटी लागली, चपला काढायची जागा झाली, पहारेकरी नेमला गेला. गाइड निवृत्त झाला, संत मात्र भरभराटीला आला. कुणी विचारलंच तर गाइड कानांवर हात ठेवायचा.

आणि आता त्याच संताला विचारायला ताई निघाली होती.

ताई त्याची थोरली बहीण, वय त्र्याहत्तर. औषधांच्या दुकानात चाळीस वर्षं काउंटरमागे उभी राहिलेली. तिचा नवरा वारला होता, आणि गाइडची बायको त्याच्या गोष्टींना कंटाळून केव्हाच माहेरी गेली होती. त्यामुळे भाऊबहीण एकाच घरात राहायचे आणि दिवसभर भांडायचे. ताईच्या हृदयाची एक झडप निकामी होत चालली होती. ऑपरेशन केलं नाही तर वर्ष काढणं कठीण, असं डॉक्टर म्हणाले होते. ताई तीन महिने "बघू" म्हणत होती. परवा अचानक म्हणाली, "संत हो म्हणाला, तर करीन."

गाइडची पाचावर धारण बसली. खरं सांगावं, तर ताई हात झटकून मोकळी होणार. न सांगावं, तर पहिला आवाज कुणाचा येईल याचा नेम नाही. शेवटी त्याने बेत केला. खोलीच्या मागच्या भिंतीला एक झरोका आहे. तिथून भारदस्त आवाजात "कर" म्हणायचं, की संपलं.

सकाळी दोघं त्याच्या जुन्या गाडीतून निघाले. पहिल्या अर्ध्या तासात गाइडने दोनदा गाडी थांबवली आणि दोनदा झुडपामागे जाऊन आला. ताईने पर्समधून कागदाचं एक लांबट पाकीट काढलं आणि त्यावर पेन्सिलीने दोन रेघा ओढल्या.

"हे काय?" गाइड म्हणाला.

"काही नाही. तू चालव."

"सकाळी चहा जास्त झाला."

"अर्धा कप प्यालास, बाळ्या. उरलेला मी ओतला."

तो अडुसष्टचा झाला तरी ती त्याला बाळ्याच म्हणायची. नगराच्या वेशीपाशी पोचेपर्यंत पाकिटावर चार रेघा झाल्या होत्या.

स्नानगृहांपाशी गाइडच्या तोंडाचा पट्टा सवयीने सुरू झाला. "इथे राणी रोज दुधाने न्हायची."

"वास येत असेल," ताई म्हणाली आणि पुढे गेली. प्रार्थनागृहात ती घुमटाच्या भोकाकडे बघत धाप लागलेली लपवत उभी राहिली. गाइडने ते पाहिलं आणि पुढे निघताना पावलं हळू टाकली.

संताच्या खोलीत चौदा माणसं आधीच डोळे मिटून बसली होती. ताईने चपला काढल्या, आत जाऊन भिंतीला टेकली. गाइड लगबगीने मागच्या बाजूला गेला. झरोका जागच्या जागी होता. त्याने घसा साफ करायला तोंड उघडलं आणि शरीराने वेगळाच निर्णय घेतला. वेळ नव्हता. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"ओ आजोबा!" पहारेकरी मागून धावत आला. "पाटी दिसत नाही?"

पाटी नाकासमोर होती. पवित्र जागा, येथे लघवी करू नये.

"आवरत नाही हो," गाइड पुटपुटला.

"कधीपासून?"

"झाले सहा महिने."

"आणि डॉक्टरला दाखवलं नाही?" पहारेकरी तापलाच. "माझ्या बापानेही हेच केलं! घाबरून घरात बसला. आज नको, उद्या नको. गेला ना शेवटी! अहो, कापायचं असेल तर कापून टाका, पण टाळू नका!"

झरोक्याने एकूण एक शब्द आत पोचवला.

पहिलं बाहेर आलं ते एक जोडपं. शेजाऱ्याच्या झाडाबद्दल विचारायला आलं होतं, खूश दिसत होतं. मागून आलेला एक दाढीवाला तरुण विचारात पडून हनुवटी चाचपत होता. ताई सगळ्यांच्या शेवटी आली.

"काय म्हणाला संत?" गाइडने चोरासारखं विचारलं.

"तुला म्हणाला, मला नाही." ताईने चपला घातल्या. "पहारेकऱ्याचा आवाज मला कळत नाही होय रे? सव्वीस वर्षांपूर्वी त्या चाळिसांत मीही होते, विसरलास? तेव्हा या झरोक्यातून आवाज आला नव्हता, धार ऐकू आली होती. बराच वेळ."

गाइडला कुठे तोंड लपवावं कळेना. "मग इथे आलीस कशाला?"

"तुझ्यासाठी. तीन महिने दवाखान्यात तू मला गोष्टी सांगतोयस. अर्ध्या तासाचं काम, कुणाची तरी आजी ऑपरेशननंतर नव्वदीत नाचली. एवढं खोटं बोलतोस, म्हणजे डॉक्टरने तुला काहीतरी भयंकर सांगितलं असणार, असं मी धरून चालले. म्हणून बघू म्हणत होते. वाटलं, संताऐवजी तूच बोलायला जाशील, आणि भिंतीआड, मी दिसत नसताना तरी खरं बोलशील."

गाडीपाशी पोचल्यावर गाइड दार धरून उभा राहिला. "डॉक्टर म्हणाले, शंभरात नव्वद वाचतात."

"एवढंच? मग लपवलंस का?"

"उरलेल्या दहांची मला भीती वाटते, ताई." तो दाराकडे बघत म्हणाला. "तू गेलीस तर मला बाळ्या म्हणणारं कुणी उरत नाही."

ताई गाडीत बसली, नाक पुसलं आणि म्हणाली, "हे घरी बोलला असतास तर एवढी पायपीट वाचली असती." मग तिने ते पाकीट उघडलं. आत दवाखान्याचा फॉर्म होता. मांडीवर ठेवून तिने सही केली आणि पेन त्याच्या हातात दिलं. "खाली, नातेवाईक. आणि सोमवारी माझ्याबरोबर तुझंही दाखवायचं. पाच रेघा झाल्यात."

"त्याचं काय आहे, ताई, एक माणूस होता, त्याला..."

"बाळ्या, मुकाट्याने सही कर."

गाइडने सही केली. परतीच्या वाटेवर तो आयुष्यात पहिल्यांदा सलग वीस मिनिटं गप्प बसला, आणि ताई शेजारी डोळे मिटून निवांत बसून राहिली. मग त्याला गाडी थांबवावी लागली.